दिवसा सांगितलेली गोष्ट

सगुणाबाई पोरं सांभाळायची. दुसऱ्यांची. तिच्या पोटी काही उगवलं नव्हतं, आणि ज्यानं तिला बेंगळूरला आणलं तो नवरा खडीकामावर राबता राबता एका दुपारी छाती धरून बसला, तो उठलाच नाही. गावाकडं, भुदरगडातल्या तिच्या वाडीत, सगळ्यांना वाटलं आता ही गाठोडं बांधून येणार. ती गेली नाही. भावाच्या उंबऱ्यात बसून भाकरीची वाट बघण्यापेक्षा लोकांच्या पोरांची ढुंगणं धुतलेली बरी, असं तिनं ठरवलं आणि मारतहळ्ळीतली आपली एक खोली धरून राहिली. शेजारची कानडी घरमालकीण तिला सगुणक्का म्हणायची, कॉलनीतली पोरं आजी म्हणायची, आणि पुरं नाव घेऊन हाक मारायचा तो एकटा पद्मनाभ.

पद्मनाभ मोठा साहेब. मारतहळ्ळीच्या अलीकडं एका सरकारी संशोधन संस्थेची कॉलनी होती. लाल माती, नीलगिरीची झाडं, पिवळे ब्लॉक, आणि वरनं सारखी विमानं, इतकी खालनं की वाळत घातलेल्या साड्या हलाव्यात. तिथं तो, त्याची बायको कस्तुरी आणि सात वर्षांची लेक शाल्मली राहायची. माणूस मूळचा पुण्याचा. विमानाच्या पंखावरनं वारं कसं सरकतं त्याची गणितं करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी विज्ञानकथा लिहायचा. त्या मासिकांत छापूनही यायच्या. कस्तुरी बँकेत होती. त्यामुळं शाल्मली आणि शेजारपाजारची आणखी तीन-चार पोरं सकाळधरनं सांजपातूर पद्मनाभच्या घरात सगुणाबाईच्या ताब्यात असायची.

पोरं तिला चिकटायची ती गोष्टींपायी. सांजचं देवापुढं दिवा लागला की ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि सुरू करायची. तिचा राक्षस असा असायचा की त्याच्या अंगाचा वास पोरांना यावा. आया न्यायला आल्या तरी पोरं उठायची नाहीत, आणि आयाही मग चपला न काढता दारातच ऐकत उभ्या राहायच्या. पण दिवसा नाही. दिवसा कुणी कितीही पदर ओढला तरी सगुणाबाईचं तोंड शिवलेलं.

"दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो," ती म्हणायची. "मामा पायजे न्हवं तुमास्नी? मग गप बसा."

तिकडं घाटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बेंगळूरच्या पोरांना ते नवं होतं. त्यात शाल्मलीला सख्खा मामाच नव्हता. तिच्या लेखी मामा म्हणजे एकच, सगुणाबाईचा थोरला भाऊ देवाप्पा. दर श्रावणात पंचमीच्या आधी तो बहिणीला माहेरी न्यायला यायचा. रात्रीच्या गाडीनं निघायचा, सकाळी मॅजेस्टिकच्या स्टँडला उतरायचा, सिटी बस धरून दहाच्या ठोक्याला कॉलनीच्या फाटकाशी हजर. डोक्याला पटका, खांद्याला पिशवी, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि काकवीची बाटली. कानडीचं एक अक्षर येत नव्हतं त्याला. पण बसचा रंग, फाटकाजवळची चिंच, पिवळा ब्लॉक, अशा खुणांवर तो बारा वर्षं न चुकता आला होता. पोरं त्याच्या अंगावर चढायची. शेंगा संपल्या की त्याच्या मिशा ओढायची.

एकदा सुट्टीच्या दिवशी पद्मनाभनं हे मामाचं ऐकलं. त्याला हसू आलं.

"सगुणाबाई, याला काही आधार आहे का?"

"आधार कशाला? भिंत हाय व्हय ती?"

"म्हणजे मी इथं बोललो, आणि तिकडं कुठंतरी चालणारा माणूस रस्ता चुकला. मधे काय घडलं?"

सगुणाबाई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "राक्षसाची गोष्ट सांगितली की एक रस्ता उघडतोय सायेब. ह्या जमिनीवरचा न्हवं. रातचं उघडला तर काय न्हाई, मानसं घरात असत्यात. दिवसा मानसं वाटंला असत्यात. एकाद्याचा पाय पडतोय त्येच्यावर, आनि मग जातंय चालत."

पद्मनाभनं हातातलं मासिक मिटलं. त्याला हे आवडलं असावं. मग तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "तसं असेल तर मी लिहितो त्या गोष्टी तुम्ही दिवसा सांगायला हरकत नाही. त्यात राक्षस नसतो."

"मग पोरांनी भ्यायचं कशाला?"

"यंत्राला. परग्रहावरच्या माणसाला."

"तुमचं यंत्र उडतंय, आमचा घोडा उडतोय. दोन्हींत फरक काय पडला?"

"तुमच्या घोड्याचं वजन किती?"

"उडत्या घोड्याचं वजन कोन करतंय?" ती हसली. "म्होरच्या जल्मी वान्याचं दुकान घालाल तुमी."

"तोच फरक आहे बघा. ज्या गोष्टीत घोड्याचं वजन करावं लागतं ती विज्ञानकथा. पंख केवढे, खातो काय, किती लांब गेल्यावर दमतो, हे सगळं सांगावं लागतं. आज तसा घोडा नसेल, पण हे सगळं जुळलं तर उद्या होईल. तुमचा घोडा कधीच होणार नाही, आणि त्याला त्याची फिकीरही नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर तुमची गोष्ट दुसऱ्या रस्त्यावरची. आमची याच रस्त्यावरची, फक्त पुढच्या गावची. त्यात मामा चुकेल कसा?"

सगुणाबाईनं एक खडा काढून बाजूला टाकला. तिला पटलं नाही असं नव्हे. पटल्यासारखं वाटलं म्हणून तर तिनं पुढं वाद घातला नाही.

त्यानंतर ती दिवसाही गोष्टी सांगायला लागली. आधी पद्मनाभच्याच, त्यानं तोंडी सांगितलेल्या. मग स्वतःच्या. जुन्या गोष्टी ती उलटून शिवायची. राजकन्येला पळवणारा राक्षस मंगळावरनं आलेला मुकादम झाला. मंगळावर पाणी आटलंय म्हणून तो माणसं धरून न्यायचा, आणि नेलेल्यांना श्वासाला डब्यातली हवा मोजून द्यायचा. सात समुद्रांच्या पलीकडं पोपटात जीव ठेवणारा जादूगार तिनं दवाखान्यातल्या मशिनीला नळ्या जोडून घरात निजवला, आणि वीज गेली की पोरांनी श्वास रोखून धरायचा. मधेच अडली तर म्हणायची, "थांबा, ह्येचं वजन झालं न्हाई." पोरं वजन करायची, पुढं गोष्ट. पद्मनाभनं एकदा कस्तुरीला सांगितलं, "ही बाई शिकलेली असती तर माझ्या कथा कुणी छापल्या नसत्या." कस्तुरी म्हणाली, "आधी तिला कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकव. काल भाताची पेज झाली."

तरी सगुणाबाईच्या मनात एक किडा होताच. दिवसा गोष्ट संपली की ती दारात जाऊन रस्त्याकडं बघायची. सगळं जागच्या जागी असायचं. चिंच, फाटक, सायकलवरनं जाणारा कोथिंबीरवाला. मग आत यायची.

शहाण्णव सालच्या श्रावणात देवाप्पाचा निरोप आला. गावात दूध डेअरीत फोन होता, तिथनं डेअरीच्या सेक्रेटरीनं पद्मनाभच्या घरी लावला. देवाप्पा आज रात्रीच्या गाडीला बसतोय, उद्या सकाळी पोचतोय. सगुणाबाईनं गाठोडं बांधलं, घरमालकिणीला खोलीची किल्ली दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ येईपर्यंत पोरांजवळ असावं म्हणून कॉलनीत आली.

दहा वाजले. तो आला नाही. अकरा झाले. घाटात दरड पडली असेल, गाडी उशिरा निघाली असेल, ती स्वतःला सांगत होती. आभाळ भरलेलं, बारीक भुरभुर चाललेली. शाल्मलीला ताप होता म्हणून ती शाळेला गेली नव्हती. दोन बारकी पोरंही होती. सगळी चिडचिडी झालेली.

"आजी, मामा कधी येणार?"

"येतोय की. वाटंला हाय."

"मग तोवर मामाचीच गोष्ट सांग. वजनवाली."

सगुणाबाईचं चित्त दाराकडं होतं. तिनं काही पुढचा विचार न करता सुरू केलं. एक बहीण चंद्रावर कामाला गेलेली असते. तिथं माणसांनी वस्ती केलेली, काचेच्या घरांची. पंचमी आली, भाऊ न्यायला निघाला. विमान घेतलं, इंधनाचं वजन केलं, बाटल्यांत हवा भरून घेतली. शाल्मलीनं विचारलं, काकवी घेतली का? घेतली, तिचंही वजन केलं. पण निम्म्या वाटेवर त्याला दुसऱ्या कुणाचं विमान अडकलेलं दिसलं, आणि त्यानं आपलं थोडं इंधन त्याला दिलं. देवाप्पा तसाच होता, त्यानं दिलंच असतं. मग पुढं गेल्यावर इंधन संपलं. विमान थांबलं. खाली पृथ्वी, वर चंद्र, मधे तो.

"मग?"

मग काय. सगुणाबाई थांबली. नियमाप्रमाणं तिथं पुढं काहीच होत नव्हतं. हवा संपणार, आणि भाऊ बसल्या जागी डोळे मिटणार. तिनं घड्याळाकडं बघितलं. बारा होऊन गेले होते.

"मामा पोचला नाही?" शाल्मलीचं तोंड वाकडं झालं. तापानं डोळे आधीच लाल, त्यात पाणी. "आजी, मामा तिथंच राहिला?"

आपल्याच तोंडानं भावाला अधांतरी सोडायचं, आणि तोही वाटेवर असताना, हे सगुणाबाईला सोसलं नाही. तिनं घाईनं, जणू कुणी दार लावून घेतंय आणि त्यात हात घालावा तशी, गोष्ट पुढं ढकलली. तेवढ्यात तिथं एक म्हातारी आली. कुठनं आली? आली. तिनं पदराच्या गाठीतनं तांदळाचा एक दाणा काढून दिला. म्हणाली, हा जिभेवर ठेव आणि डोळे मीट. त्यानं डोळे मिटले, उघडले, आणि बघतो तर बहिणीच्या दारात.

शाल्मली हसली. निजली.

सगुणाबाई मात्र तशीच बसून राहिली. म्हातारीचं वजन कुणी केलं नव्हतं. दाण्याचंही नाही. भर दुपारी, भाऊ वाटेवर असताना, तिनं दुसरा रस्ता उघडला होता.

देवाप्पा आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पद्मनाभ स्कूटर घेऊन मॅजेस्टिकला गेला, कंडक्टर गाठला. पटकेवाला म्हातारा उतरला होता म्हणे, पिशवी घेऊन उतरला, नळावर तोंड धुतलं. पुढचं त्याला माहीत नाही. पोलिसात वर्दी दिली. तिथला हवालदार "सरी, सरी, नोडोणा" म्हणाला, म्हणजे बरं, बरं, बघू. पद्मनाभनं कानडी पेपरात फोटो दिला. फोटो म्हणजे मागच्या श्रावणात कॉलनीत काढलेला, शाल्मलीला खांद्यावर घेतलेला, त्यातनं तिला कापून काढलेलं. पंचमी झाली. सगुणाबाईनं गाठोडं सोडलं नाही.

एका संध्याकाळी तिनं पद्मनाभला विचारलं, "सायेब, ती गोष्ट कुठली? तुमच्यातली का आमच्यातली?"

पद्मनाभला शाल्मलीकडनं सगळं कळलेलं होतं. तो म्हणाला, "विज्ञानकथाच की. तांदळाचा दाणा म्हणजे इंधनाची गोळी समजा. एवढ्याशा गोळीत पुष्कळ शक्ती मावू शकते."

"आनि म्हातारी?"

"ती... दुसऱ्या ग्रहावरची शास्त्रज्ञ असेल."

"तुमी आत्ता जोडतायसा," ती म्हणाली. "मी सांगितली तवा ती नुसती म्हातारी हुती."

पद्मनाभनं चष्मा काढून पुसला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि हे जोडकाम तर फारच कच्चं होतं.

नारळी पौर्णिमेच्या सुमाराला मालनबाई आली. देवाप्पाची बायको, सगुणाबाईची वैनी. गावचा एकजण तिला सोडून त्याच पावली परत गेला. ती सगुणाबाईच्या खोलीत उतरली, भाकरीला हात लावेना. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई तिला घेऊन कॉलनीत आली. मालनबाई पद्मनाभच्या दिवाणखान्यात जमिनीवर बसली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि एकेकाला विचारत राहिली. त्या दिवशी कोण कुठं होतं. फाटकावर कुणी होतं का. शाल्मली बाजूला चित्र रंगवत बसलेली.

"आजी आम्हाला मामाची गोष्ट सांगत होती," ती म्हणाली.

"कवा गं बाळ?"

"दुपारी. पाऊस होता तेव्हा."

मालनबाई सावकाश सगुणाबाईकडं वळली. "दिवसा?"

सगुणाबाई शाल्मलीचे सांडलेले रंग गोळा करायला लागली.

"तो वाटंला हाय हे ठावं असून? आगं, पोरासोरास्नी ठावं असतंय ते तुला ठावं न्हवतं? शेरात ऱ्हाऊन शानी झालीस व्हय? माझ्या मालकाला तू घालीवलंस सगुणा. तोंडानं घालीवलंस."

कस्तुरी स्वयंपाकघरातनं बाहेर आली. पद्मनाभला राहवलं नाही. "वहिनी, यात सगुणाबाईंची काही चूक नाही. गोष्टीनं माणूस हरवत नाही. मला एक सांगा, देवाप्पा अलीकडं विसरत होते का?"

मालनबाईची मान जरा हलली. "म्हातारपनी समदीच इसरत्यात."

"म्हणजे कसं? एखादं सांगा."

"माघापासनं जरा... शेताकडनं येताना दुसऱ्याच्याच दारात जाऊन जेवान मागायचा. हसायची लोकं." ती थांबली. "एकदा मला आये म्हनून हाक मारली."

"हा मेंदूचा आजार असतो," पद्मनाभ समजावून सांगायला लागला, जसं तो शाल्मलीला ग्रहण समजावून सांगायचा. "आधी नव्या गोष्टी जातात, मग रस्ते जातात. नेहमीची खूणसुद्धा अनोळखी वाटते. असा माणूस उतरतो, आणि आपण कुठं निघालो तेच त्याला आठवत नाही. मग चालत राहतो. दमेपर्यंत. अशा माणसाला एकट्यानं प्रवासाला..."

तो तिथं थांबला, पण वाक्य खोलीत पुरं झालंच. एकट्याला कुणी पाठवलं? मालनबाईचं तोंड राख फासल्यासारखं झालं. तिचा हात पदरातनं निघाला आणि पुन्हा पदरातच गेला.

सगुणाबाई बघत होती. मंगळाच्या, चंद्राच्या इतक्या गोष्टी सांगून तिला एक मात्र चांगलं कळलं होतं: साहेबाच्या गोष्टीत एकदा वजन सुरू केलं की ते शेवटपर्यंत करावं लागतं. दमेपर्यंत चालणारा म्हातारा, भुरभुर पाऊस, इतके दिवस. त्या गोष्टीचा शेवट एकच होता, आणि तो मालनबाईच्या पदरात पडणार होता. तिच्या गोष्टीत तसं नव्हतं. तिच्या गोष्टीतला भाऊ चुकला होता, पण चालत होता.

"सायेब, गप बसा तुमी," ती म्हणाली. "वैनी म्हनतीया तेच खरं. मीच घालीवलं."

पद्मनाभनं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू तिनं त्याचं एखादं गणित पुसून टाकलंय.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पोलिस ठाण्यातनं फोन आला. हेब्बाळच्या तळ्याच्या काठाला एक म्हातारा सापडला होता, आता सरकारी दवाखान्यात ठेवलाय, येऊन बघा. मालनबाई निघाली होती. सगुणाबाईनं तिला खोलीतच बसवलं. "तू नगो. मी बघून येतो. असली बोलावनी लई येत्यात." घरमालकिणीला तिच्याजवळ बसवून ती पद्मनाभच्या स्कूटरवर मागं बसून गेली.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला लांबडी खोली होती. वास रस्त्यापासनंच. तिथल्या माणसानं चादर तोंडावरनं काढली. पाण्यात राहिलेलं तोंड, त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मिशा होत्या, पण मिशा कुणालाही असतात. अंगावर शर्ट नव्हता, पिशवी नव्हती. पद्मनाभ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

सगुणाबाई पायांकडं गेली. तिनं चादर घोट्याच्या वर सारली. डाव्या पायाची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती, जन्मापासनची. लहानपणी नदीकाठी ती बोटं ओढून वेगळी करायला बघायची, आणि तो ओरडायचा. तिनं त्या बोटांवरनं अंगठा फिरवला, एकदाच, मग चादर खाली ओढली आणि चारी बाजूंनी नीट खोचली. वाकळ खोचावी तशी.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली.

पद्मनाभ वळला. "नक्की?"

"न्हवं म्हटलं न्हवं का."

दवाखान्याच्या माणसाला तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, कुणी आलं नाही तर याचं काय करता. काही दिवस ठेवतो, मग पुरतो, तो म्हणाला. सगुणाबाईनं विचारलं, जाळत नाही? तो म्हणाला, नाही, मातीच. तिनं मान हलवली.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर पद्मनाभनं किल्ली हातातच धरून ठेवली. "सगुणाबाई, मी मधेच वळून बघितलं. तुम्ही बोटांवरनं अंगठा फिरवून पाय झाकलेत. तो तुमचा भाऊ आहे."

"तुमच्या गोष्टीत हाय," ती म्हणाली.

"ही गोष्ट नाही. त्यांना अग्नी मिळायला हवा. वहिनींना कळायला हवं."

"काय कळाय पायजे? इसरनाऱ्या मानसाला एकटा धाडला आनि तो तळ्याकाठी म्येला, हे? ती म्हातारी हाय सायेब. हे घिऊन ती गावाकडं कशी जाईल? गाडीत बसंल तरी का?" तिचा आवाज चढला नव्हता. "माझी गोष्ट खरी धरली तर तो जित्ता हाय, आनि चूक माझी हाय. मला झेपती. तिला झेपायची न्हाई."

"पण ते खरं नाही."

"तुमीच सांगितलंसा. आमच्या घोड्याला त्येची फिकीर न्हाई म्हनून."

पद्मनाभला आपलेच शब्द ओळखायला वेळ लागला. मग त्यानं स्कूटर चालू केली.  ती गोष्ट त्यानं कस्तुरीलादेखील सांगितली नाही, आणि बरेच दिवस त्याच्या हातनं काही लिहून झालं नाही.

मालनबाई खोलीच्या दारात उभीच होती.

"न्हवता," सगुणाबाई लांबनंच म्हणाली. "दुसराच कुनीतरी. काळा, बुटका."

मालनबाई उंबऱ्यावर बसली. तिचा हात कपाळाकडं गेला, कुंकवाला बोट लागलं, तिनं ते बघितलं.  घरमालकिणीला शब्द कळले नव्हते, पण मतलब कळला. तिनं वर हात जोडले आणि आपल्या घरात गेली.

सगुणाबाईनं मोरीत दोन तांबे अंगावर ओतून घेतले. दवाखान्यातनं आलेल्या माणसानं अंघोळ करावी, त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. त्याहून जास्त काही पाळायची सोय तिला नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा मालनबाई सावरून बसली होती. धीर आला तसा रागही परत आला होता.

"म्हंजी तो फिरतोयच," ती म्हणाली. "तुझ्यापायी."

"व्हय."

"कुनाच्या दारात भाकरी मागत असंल. कोन देत असंल गं हितं, त्येची भाषा कळत न्हाई कुनाला."

"देत असत्यात. हितली लोकं वंगाळ न्हाईत."

"मी उद्याच्या गाडीनं जातो. तो घरी आला तर दाराला कुलूप नगो." मालनबाईनं नाक शिंकरलं. "आनि सगुणा, तू आता येऊ नगोस. पंचमीला न्हाई, दिवाळीला न्हाई. तो परत येईस्तवर माझा उंबरा चढू नगोस."

"न्हाई चढत."

"हितं काय कळलं तर डेअरीत फोन कर."

"करतो."

मालनबाईनं पदर सावरला. मग तोंड दुसरीकडं करून म्हणाली, "भाकरी हाय का गं काय?"

सगुणाबाईनं स्टोव्ह पेटवला. परातीत पीठ घेतलं. सुतकातल्या माणसानं चुलीला शिवायचं नसतं, आणि दुसऱ्याच्या ताटात वाढायचं तर त्याहून नसतं. तिनं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं. हात सवयीनं चालत होते. गावाहून आल्यापासनं मालनबाईनं धड काही खाल्लं नव्हतं. आता ती ताटावर वाकून खात होती, ठेचा लावून, मोठे घास. पहिली संपली. सगुणाबाईनं दुसरी वाढली. तिला वाटलं, आपणही आता बसावं. पण घास काही उतरायचा नाही, आणि तो का उतरत नाही हे वैनी विचारील. म्हणून ती तव्यापुढंच बसून राहिली आणि लागत नव्हत्या तरी भाकरी थापत राहिली.